आपले मत कोण ठरवते?

आज एका गणितापासून सुरुवात करू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर उत्तमच. नसेल तर तोंडी हिशेबही चालेल.

अंगावर उठणाऱ्या पुरळावर एक नवे मलम निघाले आहे असे समजा. काही रोग्यांना ते लावायला दिले, काहींना दिले नाही. ज्यांनी मलम लावले त्यांच्यापैकी २२३ जणांचे पुरळ कमी झाले आणि ७५ जणांचे वाढले. ज्यांनी लावले नाही त्यांच्यापैकी १०७ जणांचे कमी झाले आणि २१ जणांचे वाढले. आता सांगा, मलम गुणकारी ठरले की नाही? पुढची ओळ वाचण्यापूर्वी उत्तर मनाशी पक्के करा.

पुष्कळांचे उत्तर ‘होय’ असे येते. २२३ हा आकडा सर्वांत मोठा. तो चटकन डोळ्यांत भरतो. पण प्रमाण काढून पाहा. मलम लावणारे एकूण २९८. त्यांतल्या २२३ जणांना गुण आला, म्हणजे शेकडा सुमारे ७५. मलम न लावणारे एकूण १२८. त्यांतल्या १०७ जणांना गुण आला, म्हणजे शेकडा सुमारे ८४. तेव्हा या आकड्यांवरून तरी मलम न लावलेलेच बरे!

उत्तर चुकले असेल तर खंत करू नका. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे प्राध्यापक डॅन काहान आणि त्यांचे सहकारी यांनी सुमारे १,१०० प्रौढ अमेरिकनांवर एक प्रयोग केला व २०१३ साली तो मांडला. त्यांतील काही जणांना हाच प्रश्न घातला होता, आणि निम्म्याहून अधिकांचे उत्तर चुकले. या सर्वांची अंकगणिताची चाचणीही घेतलेली होती. जे गणितात तरबेज होते त्यांची उत्तरे अधिक वेळा बरोबर आली. यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. नवल पुढेच आहे.

उरलेल्या लोकांना जो तक्ता दिला त्यातले आकडे अगदी हेच होते. फक्त मथळे बदललेले होते. मलमाच्या जागी ‘कपड्यांत लपवून पिस्तूल बाळगण्यावर बंदी’, रोग्यांच्या जागी शहरे आणि पुरळाच्या जागी गुन्हे. अमेरिकेत हा मोठ्या भांडणाचा विषय आहे. एका पक्षाचे बहुतेक अनुयायी म्हणतात, बंदी घाला म्हणजे गुन्हे घटतील. दुसऱ्या पक्षाचे म्हणतात, बंदी घातली तर सज्जन माणूस निःशस्त्र होईल आणि गुन्हे वाढतील. काहींच्या तक्त्यातून ‘बंदीने गुन्हे घटले’ असे उत्तर निघत होते. काहींच्या तक्त्यात मथळ्यांची अदलाबदल केल्यामुळे ‘वाढले’ असे निघत होते.

आता गंमत पाहा. बरोबर उत्तर आपल्या पक्षाच्या बाजूचे असले की गणितातले तरबेज लोक ते हुडकून काढीत. पण तेच उत्तर आपल्या पक्षाच्या विरुद्ध जाणारे असले की हीच हुशार मंडळी २२३ या मोठ्या आकड्यापाशी थबकत. प्रमाण काढायची विद्या त्यांना येत नव्हती असे नाही. पहिल्या नजरेलाच आवडते उत्तर मिळाले होते, मग कशाला उगाच भागाकार करायचा?

काहान यांच्या प्रयोगात तर हुशारांचा हा कल इतरांपेक्षा अधिकच दिसला. पुढे इतरांनी असे प्रयोग केले तेव्हा ‘अधिक’ ही गोष्ट दर वेळी दिसून आली नाही. शास्त्रात असे होतच असते. पण एवढे मात्र खरे की हुशारी हे या बाबतीत चिलखत ठरत नाही.

निवडणुकीच्या दिवसांत एक वाक्य आपल्या कानांवर हमखास पडते : ‘लोक अडाणी आहेत, म्हणून पुढारी त्यांना फसवतात.’ शिकलीसवरलेली माणसे ते मोठ्या तोऱ्यात बोलतात. हे वाक्य चुकीचे आहे, आणि धोक्याचेही आहे, असे माझे मत आहे. चुकीचे यासाठी, की मनाचे जे कल पुढारी वापरून घेतात ते अडाण्याच्या डोक्यात असतात तसेच पदवीधराच्याही डोक्यात असतात. धोक्याचे यासाठी, की ‘फसतात ते दुसरे’ असे मानणारा माणूस स्वतःच्या घराला कडी लावायला विसरतो.

येथे एक भेद लक्षात घ्या. पुढाऱ्याने मतदारांचे मन वळवावे यात काहीही गैर नाही. लोकशाहीचा गाडा त्यावरच चालतो. पण मन वळवणे निराळे आणि मन भुलवणे निराळे. मन वळवणारा तुमच्यापुढे कारण ठेवतो आणि ते तपासून पाहायला सांगतो. भुलवणाऱ्याची सारी भिस्त तुम्ही तपासणार नाही यावरच असते. जादूगाराची हातचलाखी एकदा समजली की तिची भुरळ ओसरते. भुलवणाऱ्या प्रचाराचेही असेच आहे. म्हणून त्यातल्या काही युक्त्या आपण तपासून पाहू.

कप्तानाची निवड

स्वित्झर्लंडमधील जॉन अँटोनाकिस व ओलाफ डालगास या संशोधकांनी पाच ते तेरा वर्षे वयाच्या मुलांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. ट्रॉयहून इथाकाला जाणारे जहाज, वाट धोक्याची. मग दोन माणसांची छायाचित्रे दाखवून विचारले, ‘तुमच्या जहाजाचा कप्तान यांच्यापैकी कोणाला कराल?’ मुलांनी चेहरे पाहून कप्तान निवडले. ती छायाचित्रे होती २००२ सालच्या फ्रान्सच्या संसदीय निवडणुकीतील प्रतिस्पर्धी उमेदवारांची! मुलांनी ज्याला कप्तान केले तोच खऱ्या निवडणुकीत जिंकला होता, असे शंभरात सुमारे सत्तर वेळा घडले. नाणे उडवले असते तर पन्नास वेळा घडले असते. २००९ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याआधी २००५ साली अमेरिकेत अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी प्रौढांना सेनेटच्या उमेदवारांचे चेहरे क्षणभर दाखवून ‘यांतला अधिक कर्तबगार कोण वाटतो?’ असे विचारले होते. तेथेही जवळजवळ हेच प्रमाण आले.

याचा अर्थ निवडणूक केवळ चेहऱ्यावर ठरते असा नव्हे. पण चेहऱ्यावरून कर्तबगारी ओळखू येते ही समजूत आपल्या मनात लहानपणापासून घट्ट असते, आणि ज्यांना मते हवी आहेत त्यांना ती ठाऊक असते. आपल्या चौकाचौकांतले फलक पाहा. हात जोडलेला, हसरा, उजळ चेहरा केवढा मोठा आणि त्याखाली काम किती, याचा मजकूर केवढा! सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ सालच्या निकालांमुळे आपल्याकडे प्रत्येक उमेदवाराला आपले शिक्षण, मालमत्ता आणि आपल्यावरील फौजदारी खटले यांची माहिती शपथेवर द्यावी लागते आणि ती कोणालाही पाहता येते. फलक पाहणारे मात्र असंख्य आणि ते शपथपत्र उघडून वाचणारे विरळा.

लाल बसवरचा आकडा

२०१६ साली ब्रिटनमध्ये सार्वमत झाले. युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे, असा प्रश्न होता. बाहेर पडा म्हणणाऱ्यांनी एक लाल बस देशभर फिरवली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, त्याचा आशय असा : आपण युरोपीय संघाला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, तो पैसा आपल्या सरकारी आरोग्यसेवेला देऊ या.

हा आकडा कोठून आला? ब्रिटनला देण्यातून एक मोठी सवलत मिळत असे, आणि ती आधीच वजा होत असे. ती वजाच केली नाही तर सुमारे ३५ कोटी. ती वजा केली तर २०१५ सालच्या हिशेबाने आठवड्याला सुमारे २५ कोटी. त्यातूनही शेतकरी, मागास भाग, संशोधन यांच्यासाठी बरीच रक्कम ब्रिटनला परत मिळे. ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानापूर्वीच जाहीरपणे सांगितले, की हा आकडा दिशाभूल करणारा आहे. पण बस फिरतच राहिली.

मग विरोधकांनी काय केले? ‘३५ कोटी खोटे आहेत’ असे ते दूरदर्शनवर, वर्तमानपत्रांत, सभांत सांगत सुटले. म्हणजे त्यांनीही तो आकडा पुन्हा पुन्हा उच्चारला! आणि ऐकणाऱ्याच्या मनात उरले ते एवढेच, की पैसा जातो आणि तो खूप जातो. मोहिमेचे सूत्रधार डॉमिनिक कमिंग्ज यांनी पुढे २०१७ साली लिहिलेही, की लोकांनी या आकड्यावर वाद घालावा हा हेतूच होता, आणि तो अपेक्षेहून अधिक साधला. खोडून काढणाराच येथे फुकटचा प्रचारक झाला.

यामागचा मनाचा कल मानसशास्त्रज्ञांनी फार पूर्वी टिपला होता. १९७७ साली लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन व थॉमस टॉपिनो यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही विधाने ऐकवली व प्रत्येक विधान कितपत खरे वाटते ते विचारले. असे दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा केले. काही विधाने दर वेळी तीच होती. ती हळूहळू अधिकाधिक खरी वाटू लागली. खरी विधाने तर वाटलीच, पण खोटीही वाटली. ओळखीचे ते खरे, असे मन धरून चालते. रोजच्या व्यवहारात ही सवय उपयोगीही पडते, कारण खरी गोष्ट आपण बहुधा अनेकदा ऐकलेली असते. घोषणा लिहिणारे याच सवयीचा फायदा घेतात.

आणि हा दोष एकाच बाजूचा समजू नका. त्याच सार्वमतात दुसऱ्या बाजूने सांगितले, की बाहेर पडलो तर २०३० सालापर्यंत दर कुटुंबामागे वर्षाला ४,३०० पौंडांची झळ लागेल. अर्थखात्याने पुढील अनेक वर्षांच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा एक अंदाज केला होता. त्यातली तूट कुटुंबांच्या संख्येने भागून हा आकडा काढला होता. प्रत्येक घरातून एवढी रक्कम जाणार असा त्याचा अर्थ नव्हता; पण ऐकणाऱ्याला तसा तो वाटे. अंदाजाला नेमक्या आकड्याचा अंगरखा घातला की तो मोजमापासारखा दिसू लागतो.

आपले आणि त्यांचे

आता जो प्रयोग सांगतो तो तुमच्याच वयाच्या मुलांवर झालेला आहे. हेन्री ताइफेल हे जन्माने पोलंडमधील ज्यू. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्यात होते आणि जर्मनांचे युद्धकैदी झाले. युद्ध संपून परत आले तेव्हा त्यांच्या घरचे बहुतेक सारे मारले गेले होते. शेजारी राहणारी माणसे एकमेकांना ‘ते’ कशी म्हणू लागतात, हा प्रश्न त्यांच्या मनातून पुढे कधी गेला नाही.

ब्रिटनमधील ब्रिस्टल शहरात त्यांनी चौदा-पंधरा वर्षांची ६४ मुले घेतली. पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवले व किती ते विचारले. मग सांगितले, ‘तुझा अंदाज जास्तीचा आहे, तू या गटात, तुझा कमीचा आहे, तू त्या गटात.’ खरे तर वाटणी वाटेल तशी केलेली होती. नंतर प्रत्येकाला एकटे बसवून, इतर मुलांना थोडेथोडे पैसे वाटायला सांगितले. कोणाला देतो आहोत त्याचे नाव माहीत नाही. फक्त गट माहीत. स्वतःला त्यातून काहीच मिळणार नाही.

मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. एवढेच नव्हे, तर त्याच मालिकेतील दुसऱ्या प्रयोगात मुलांनी पुष्कळदा अशी वाटणी निवडली, की जिच्यात आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटाहून अधिक मिळाले पाहिजे. भांडण नव्हते, इतिहास नव्हता, भाषा वेगळी नव्हती. ठिपके मोजण्यावरून पडलेला गट, तोही खोटा! १९७० साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि पुढे इतरांनी तो अनेकदा करून पाहिला.

ठिपक्यांनी एवढे होते, तर जात, धर्म, भाषा, प्रांत यांनी काय होईल याची कल्पना करा. पुढाऱ्याला आपले काम दाखवण्यापेक्षा ‘ते तुमचे ओरबाडून नेत आहेत’ असे सांगणे सोपे जाते. कामाचा हिशेब द्यावा लागतो. भीतीचा द्यावा लागत नाही. आपल्या कायद्याने हा धोका ओळखला आहे. १९५१ सालच्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावावर मते मागणे हा भ्रष्टाचार मानलेला आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला, की केवळ उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या जातिधर्माच्या नावावर मते मागणेही यात येते. कायदा उमेदवाराचे बोलणे रोखू शकेल. आपल्या मनातला ठिपके मोजणारा मुलगा मात्र आपणच आवरायला हवा.

हवा कोणाची?

सभेची गर्दी, मोटारींचा ताफा, ‘लाट आहे, लाट आहे’ असा पुकारा, हे सगळे कशासाठी असते? सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या सुमारास अमेरिकेत केलेले प्रयोग याचे उत्तर देतात. एक रेघ दाखवायची आणि तिच्याएवढ्या लांबीची रेघ तिघींतून ओळखायची. प्रश्न अगदी सोपा. पण खोलीतले बाकीचे सगळे ॲश यांनी आधी शिकवून ठेवलेले असत आणि ते एकमुखाने चुकीची रेघ सांगत. अशा वेळी खऱ्या परीक्षार्थींनी तीनपैकी एकाहून थोड्या अधिक वेळा डोळ्यांदेखत चूक असलेले उत्तर दिले. पण खोलीत खरे बोलणारा एकच जोडीदार ठेवला की हे प्रमाण एकदम खाली येई. उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायचे असले, तरीही ते कमी होई.

या शेवटच्या गोष्टीवरून गुप्त मतदानाचे महत्त्व ध्यानात येईल. १८५६ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलिया येथे ही पद्धत सुरू झाली आणि पुढे जगभर पसरली. धाकदपटशा आणि लाचलुचपत टाळणे हा तिचा हेतू. पण तिने आणखी एक गोष्ट साधली : पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागे माणूस निदान क्षणभर तरी गर्दीपासून सुटतो. प्रयोगशाळेत आपण तराजूला वारा लागू नये म्हणून काचेची पेटी वापरतो ना? हा आडोसा तशीच एक पेटी आहे.

डार्विनची वही

मग उपाय काय? काही जण म्हणतील, अशा प्रचारावर बंदीच घाला. पण कोणते भाषण भुलवणारे हे ठरवण्याचा अधिकार सरकारच्या, म्हणजे पुढाऱ्यांच्याच, हाती गेला तर दुखण्यापेक्षा औषध भारी व्हायचे! दुसरे काही जण म्हणतील, शिक्षण वाढवा. ते वाढायलाच हवे. पण गणितात तरबेज असलेले लोकही कोठे अडखळले ते आपण पाहिले. नुसती विद्या पुरत नाही. ती आपल्याविरुद्ध वापरण्याची सवय लागते, आणि माझ्या मते ती लावण्याची खरी जागा म्हणजे शाळेतला विज्ञानाचा तास. शास्त्रज्ञ काही निराळ्या मातीचे नसतात. त्यांचीही मने अशीच कललेली असतात. म्हणून तर कोणत्या रोग्याला खरे औषध दिले हे डॉक्टरपासूनही लपवून ठेवण्याची पद्धत त्यांनी काढली.

चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात आपला एक नियम सांगितला आहे. आपल्या मताविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचनात किंवा पाहण्यात आली की ते ती ताबडतोब टिपून ठेवीत. कारण अशा गोष्टी अनुकूल गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात, हे त्यांना अनुभवाने कळले होते. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण स्वतःच्या स्मरणशक्तीवर त्याचा विश्वास नव्हता!

तुम्ही अशी वही घालून पाहा. तुमच्या गावची, शहराची, कोणतीही निवडणूक आली की घरात ज्या पक्षाची बाजू घेतली जाते त्याचे नाव वर लिहा आणि खाली फक्त त्याच्या विरुद्ध जाणाऱ्या खऱ्या गोष्टी टिपत जा. पहिल्या दोन ओळी लिहितानाच हात जड होईल. तो जडपणा म्हणजेच या लेखाचा विषय. दुसरी कसोटी आणखी सोपी आहे. एखाद्या पुढाऱ्याचे वाक्य पटले की त्याचे नाव खोडून विरोधकाचे नाव घाला आणि पुन्हा वाचा. अजून पटते का? पटत नसेल, तर मघाशी पटले होते ते वाक्य नव्हतेच.

शिक्षकांनाही एक सुचवावेसे वाटते. मलमाचा तक्ता एका तुकडीला द्या. दुसऱ्या तुकडीला तेच आकडे ‘मराठी माध्यम’ आणि ‘इंग्रजी माध्यम’ असे मथळे घालून, आकडे बनावट आहेत हे आधी सांगूनच द्या, आणि कोण भागाकार करतो, कोण करत नाही ते पाहा. मात्र हा प्रयोग आधी शिक्षकांच्या खोलीत करून पाहावा, हे बरे.

२८ मार्च १९८९ पासून आपल्या देशात मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले. म्हणजे आज हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी पुष्कळजण तीन-चार वर्षांत मतदानयंत्रापुढे उभे असतील. तेथे बोट तुमचेच असेल, यात शंका नाही. ते कोठे टेकवायचे, हे तुम्ही भागाकार करून ठरवले की कोणी तुमच्यासाठी आधीच ठरवून ठेवले होते, हे मात्र त्या आडोशामागे दुसऱ्या कोणालाच दिसणार नाही. ते तपासायचे काम तुमचे एकट्याचे.